दोनोस्तियाच्या जुन्या गावातली पिंचो-संध्याकाळ: एका बारात एकच घास

मेतकूट

युरोपच्या सहलींच्या धाग्यांवर स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सान सेबास्तियानचा विषय निघतो तेव्हा दोन-तीन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी बोर्दोला राहते. तिथून हे गाव दोन-अडीच तासांवर, त्यामुळे वरचेवर जाणं होतं. दिवसा समुद्र बघा, टेकड्या चढा, पण संध्याकाळी सातनंतर पार्ते व्हिएहात, म्हणजे जुन्या गावात, पायी फिरत खाण्यासारखं सुख नाही. तिथले बास्क लोक आपल्या भाषेत गावाला दोनोस्तिया म्हणतात, मीही इथे तेच वापरते.

जुनं गाव एवढंसं आहे. एका बाजूला उर्गुल टेकडी, एकीकडे उरुमेआ नदी, एकीकडे बंदर आणि ला कोंचाची खाडी. चौथ्या बाजूला बुलवार हा रुंद रस्ता. 1863 मध्ये तट पाडेपर्यंत गाव तिथेच संपायचं. मधल्या गल्ल्या चालून जायला दहा मिनिटं पुरतात, पण एका दारातून बाहेर पडलं की पुढच्या दारातून तव्यावरच्या लसणाचा वास येतो, त्यामुळे दहा मिनिटांचे तीन तास होतात.

पिंचो म्हणजे बारमध्ये उभ्या उभ्या खायचा छोटा पदार्थ. काही पावाच्या तुकड्यावर रचून काडी टोचलेले असतात आणि काउंटरवर ताटंच्या ताटं मांडलेली असतात. काही गरम असतात, ते मागितल्यावर आतून करून येतात. बहुतेक प्रवासी काउंटरवरची रंगीत ताटं बघून हरखतात, रिकामी बशी मागतात, सात-आठ पिंचो एकदम भरून घेतात आणि कोपऱ्यात टेकतात. मला मनापासून सांगायचं आहे की असं करू नका. एका बारात एकच पदार्थ, एकच छोटा ग्लास, आणि पुढचा बार.

यामागे साधं कारण आहे. तिथल्या प्रत्येक चांगल्या बारने एक-दोन पदार्थांत हात बसवलेला असतो. बाकीचं ते करतात, बरंही करतात, पण गावातले लोक त्या बारात जातात ते त्या एका पदार्थासाठी. कोल्हापुरात मिसळ एकीकडे खाऊन रात्री दुधासाठी गंगावेशीतच जावं लागतं, तसंच आहे हे. शिवाय गरम पिंचोंची नावं बऱ्याचदा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असतात, काउंटरवर त्यांचा मागमूस नसतो. म्हणून आत शिरलं की आधी फळा बघायचा.

माझा नेहमीचा रस्ता सांगते.

सुरुवात पेस्कादेरिया गल्लीतल्या चेपेचापासून. इथे सगळा कारभार अँचोव्हीचा. बिस्केच्या उपसागरात हा मासा वसंतात येतो. खारवलेली तपकिरी अँचोव्ही आपण पिझ्झ्यावर बघतो, ही तशी नसते. ही व्हिनेगरमध्ये मुरवलेली, पांढरीशुभ्र आणि मऊ. भाजलेल्या पावावर दोन तुकडे आणि त्यावर तुम्ही निवडाल ते: खेकड्याचं क्रीम, ऑलिव्हचं वाटण, बारीक चिरलेली मिरची-कांदा, अगदी पपईसुद्धा. मुरवण्याची कृती घरच्यांनी गुप्त ठेवली आहे. मी खेकड्याचंच घेते. आंबट मासा आणि वर ते गोडसर क्रीम जिभेवर एकत्र येतं तेव्हा पुढचा सगळा बेत रद्द करून इथेच थांबावंसं वाटतं. तरी निघायचं.

मग फेर्मिन काल्बेतोन गल्लीत. गोइस आर्गीमध्ये कोळंबीची सळई मिळते. तव्यावर परतलेली रसरशीत कोळंबी आणि वर बारीक चिरलेल्या भाज्यांचं आंबट तेल. खाली पाव असतो, तो ओघळ टिपायला. त्याच गल्लीत पुढे बोर्दा बेरी. इथे काउंटरवर जवळपास काहीच मांडलेलं नसतं, सगळं फळ्यावर. इदियाझाबाल चीजचा रिसोट्टो मागा. हे चीज लाचा जातीच्या मेंढीच्या कच्च्या दुधाचं, बऱ्याचदा धुरावलेलं. वाटीभरच मिळतो, पण त्या धुराच्या वासाने पोटापेक्षा मन आधी भरतं. वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं गालाचं मांसही इथलं नावाजलेलं आहे, चमच्याने तुटतं.

सान हेरोनिमो गल्लीतल्या गान्बाराच्या काउंटरवर रानातल्या अळंब्यांचा ढीग रचलेला असतो. त्या मिठासह परतून मधोमध कच्चं पिवळं बलक सोडून देतात. पावाने बलक फोडायचं, अळंब्यांत कालवायचं आणि खायचं. ही बशी महाग आहे. बाकी साधे पिंचो अडीच-तीन युरोपासून सुरू होतात, गरम चार ते सहाच्या आसपास जातात, ही त्याहून बरीच वर. शरद ऋतूत गेलात तर खिशाकडे न बघता घ्या.

शेवटचा टप्पा 31 ऑगस्ट गल्ली. उभं राहून खाताना या नावाकडे लक्ष जाऊ द्या. 1813 मध्ये नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यातलं हे गाव इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी वेढा घालून घेतलं आणि 31 ऑगस्टला आत शिरून लुटलं, जाळलं. सोडवायला आलेल्यांनीच घरं पेटवली. वाचली ती दोन चर्चेस आणि त्यांना जोडणाऱ्या या एका गल्लीतली मोजकी घरं. उरलेल्या गावकऱ्यांनी सप्टेंबरमध्ये जवळच्या सुबिएता गावी जमून ठरवलं की गाव पुन्हा बांधायचं. आज आपण ज्या सरळ, काटकोनी गल्ल्यांतून फिरतो त्या या निर्णयाच्या. दर वर्षी 31 ऑगस्टच्या रात्री ही गल्ली मेणबत्त्यांनी उजळतात.

याच गल्लीत गांदारियासचा सोलोमिओ: पावावर गोमांसाचा मऊ तुकडा, हिरवी मिरची, वर जाड मिठाचे खडे. आणि सान विसेन्ते चर्चच्या बाजूला ला विन्या, जिथे 1980च्या दशकाच्या अखेरीस तो करपलेल्या माथ्याचा चीजकेक जन्माला आला. आता पुण्या-मुंबईच्या कॅफेंत ‘बास्क चीजकेक’ म्हणून मिळतो, त्याचं मूळ घर हे. 1959 पासून एकाच कुटुंबाचा बार आहे. बारच्या वर फळ्यांवर केक कागदासकट साच्यांत रचून ठेवलेले असतात.

प्यायला चाकोली. गेतारिया गावच्या समुद्राकडच्या उतारांवरल्या द्राक्षांची आंबटसर, हलके बुडबुडे असलेली पांढरी वाइन. बाटली उंच धरून वरून ओततात, ग्लासात दोन बोटंच. तेवढीच पुरते, कारण अजून चार बार बाकी असतात. कमी बिअर हवी तर ‘सुरितो’ म्हणायचं.

विचारा काय विचारायचं ते.

तिसरीघंटा

मेतकूटताई, वाचनखूण साठवली. गर्दीत ऑर्डर कशी देतात? रांग असते का? आणि पैसे प्रत्येक वेळी की निघताना?

मेतकूट

रांग नसते. काउंटरपर्यंत पोचायचं आणि बारवाल्याची नजर मिळेपर्यंत शांत उभं राहायचं. हात हलवू नका, हाका मारू नका, कोण आधी आलं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. गरम पदार्थ सांगितला की बऱ्याच ठिकाणी नाव विचारतात. छोटं, उच्चारायला सोपं नाव सांगा, तेच मोठ्याने पुकारतात.

पैसे शक्यतो निघताना. जुनी रीत अशी की काउंटरवरचे थंड पिंचो स्वतः उचलायचे आणि शेवटी आपणच सांगायचं, हे हे खाल्लं, इतके ग्लास. बारवाला हिशेब करतो, पडताळत नाही. आता मोठ्या गर्दीच्या बारांत आधी बशी दाखवायला सांगतात, तिथे त्यांचं ऐकायचं. पण ज्या बारात अजून विश्वासावर चालतं तिथे एक कोळंबीही विसरू नका. हा विश्वास त्या गावाने फार जपला आहे. तिथल्या खाद्यमंडळांतही तेच. 1870 पासून अशी मंडळं या गावात आहेत: सभासदांकडे किल्ली, सामायिक स्वयंपाकघर, स्वतः रांधायचं, तेल-वाइन जे वापरलं ते स्वतःच कागदावर लिहून पैसे ठेवायचे. कित्येक पिढ्या ती फक्त पुरुषांची होती. आता बऱ्याच मंडळांत बायकाही येतात, काहींत सभासदही आहेत, पण सगळीकडे नाही.

ओलाकाजू

लेख वाचून जावंसं वाटतंय, पण आम्ही दोघंही शाकाहारी. अंडं चालतं, मासे-मांस नाही. सगळीकडे हॅम आणि मासेच दिसताहेत. संध्याकाळ उपाशी जाईल का?

अर्धाचहा

ओलाकाजू, मी शाकाहारी आहे आणि या गावात व्यवस्थित जेवून आले आहे, त्यामुळे मीच उत्तर देते.

उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय काही उचलू नका. ‘व्हेहेताल’ (भाज्यांचं) लिहिलेल्या सँडविचमध्येसुद्धा ट्यूना असतो. रशियन सॅलडमध्ये हमखास ट्यूना. क्रोकेत म्हणून जे तळलेले गोळे मिळतात त्यांत बहुधा हॅम किंवा कॉड मासा. अळंब्यांच्या बशीवरही कधी हॅमचे तुकडे पेरतात. नुसतं ‘कार्ने नाही’ म्हटलं तर हॅम त्यांच्या हिशेबी मांसात धरला जात नाही, असा मला अनुभव आला. म्हणून तिन्ही नावं घ्यायची: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, हॅम, मासा काहीच नको. हे एक वाक्य पाठ करून जा.

आता मिळतं काय: बटाट्याची तोर्तिया, म्हणजे अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट, जवळपास प्रत्येक बारात. गेर्निकाच्या छोट्या हिरव्या मिरच्या, तेलात फोड येईपर्यंत तळून वर जाड मीठ. तिखट नसतात, पण सुरेख लागतात. मेतकूटताईंनी सांगितलेली गान्बाराची अळंबी. इदियाझाबाल चीजची फोड, सोबत कुणी अक्रोड देतं, कुणी क्विन्स नावाच्या फळाची गोड वडी. ऑलिव्ह तर कुठेही. उन्हाळ्यात टोमॅटो: नुसते जाड काप, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. नेस्तोर नावाच्या बारात तो टोमॅटो खाल्ला तेव्हा मला आमच्या शेतातला झाडावर पिकलेला टोमॅटो आठवला. इदियाझाबालच्या रिसोट्टोत मांसाचं सूप असू शकतं, विचारून घ्या. शेवटी चीजकेक, त्यात अंडं आहे.

शिवाय मी दारू पीत नाही. तिथे ‘मोस्तो’ मिळतो, द्राक्षांचा न आंबवलेला रस, बर्फ आणि संत्र्याची चकती घालून. घरातली शेंडेफळं आणि आज्ज्या दोघीही तोच पिताना दिसतात, त्यामुळे मागताना अजिबात अवघडायला होत नाही.

ओलाकाजू

अर्धाचहा, केवढं काम सोपं केलंत! वाक्य लिहून घेतलं.

मेतकूट

अर्धाचहा, हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. नेस्तोरचा विषय काढलात म्हणून भर घालते: तिथे तोर्तिया दिवसाला दोनच होतात, एक दुपारी एकला, एक रात्री आठला. साधारण तासभर आधी जाऊन नाव नोंदवावं लागतं, मग फोड मिळते. अंडं आत अजून थोडं ओलसर असतं. पूर्ण शिजलेलंच लागत असेल तर त्या भानगडीत पडू नका.

आणि गोमांस खात नसाल तर लक्षात ठेवा: सोलोमिओ आणि चुलेता (हाडासकट भाजलेला मोठा तुकडा) बहुतेक वेळा गाय-बैलाचं असतं. कारियेरा, म्हणजे ते गालाचं मांस, कुठे डुकराचं, कुठे वासराचं. बारवाले विचारल्यावर सरळ सांगतात.

बिल्बाओवासी

मेतकूट, लेख आवडला, पण थोडा मतभेद नोंदवतो. चाकणच्या ज्या कंपनीत मी होतो तिचं मुख्यालय बिल्बाओजवळ, त्यामुळे इकडे बदली होऊन आलो आणि इथलाच झालो. दोनोस्तियाचं खाणं उत्तम आहे यात वाद नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या जुन्या गावात बारवाल्याशी दोन शब्द बोलायला उसंत मिळत नाही, आणि बास्क बारची जान त्या बोलण्यात असते. बिल्बाओच्या कास्को व्हिएहोत, म्हणजे तिथल्या जुन्या गावात, ते अजून सापडतं.

नव्या चौकात, प्लासा नुएवात, कमानींखाली चारही बाजूंनी बार आहेत. रविवारी सकाळी तिथे जुनी पुस्तकं, नाणी, टपाल तिकिटं यांचा बाजार भरतो. बाजार बघायचा, मग दुपारच्या पिंचोंना सुरुवात. काफे बार बिल्बाओ 1911 चा आहे, निळ्या फरशांचा, तिथे कॉडचा पिंचो घ्या. गुरे तोकी जरा नव्या धाटणीचं. सोमेरा गल्लीतल्या मोत्रिकेसमध्ये तव्यावरच्या अळंब्या मिळतात, पावावर ठेवलेल्या, रस्सा हातभर ओघळतो.

आणि इथले चिकितेरो! आपापला ठरलेला मित्रगट, तोच रस्ता, तेच बार, जाड बुडाच्या जड काचेच्या ग्लासात घोटभर लाल वाइन, दर बारात एकाने सगळ्यांचे पैसे द्यायचे आणि पुढे. वाटेत कोपऱ्यावर थांबून गाणीही म्हणतात. पेलोता गल्लीत जमिनीवर एक खूण आहे, तिथे उभं राहिलं की घरांच्या फटीतून टेकडीवरचं बेगोन्याच्या देवीचं मंदिर दिसतं. 11 ऑक्टोबरला हे चिकितेरो तिथे जमतात. तुमचा ‘एका बारात एक घास’ नियम या लोकांच्या चालण्यातून आला आहे, खाणं त्यात नंतर जोडलं गेलं. त्यामुळे नियम सांगताना मित्रमंडळी आधी, पदार्थ नंतर, असा क्रम हवा असं मला वाटतं.

मेतकूट

बिल्बाओवासी, चिकितेरोंबद्दल पूर्ण अनुमोदन, आणि पेलोता गल्लीतली खूण मी पुढच्या वेळी शोधणार. पण क्रमाबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. प्रवाशाला गावात मित्रगट नसतो. त्याला त्या रीतीत शिरायला एकच दार आहे, ते म्हणजे प्रत्येक बारच्या कसबाला मान देणं. ज्या बारने तीस-चाळीस वर्षं एक मासा मुरवला, तिथे जाऊन तोच मासा मागितला की बारवाल्याचा चेहरा बदलतो. बोलणं तिथून सुरू होतं, अगदी ऑगस्टमध्येसुद्धा, भले दोनच वाक्यं होवोत.

मालवणी_मसाला

अँचोव्हीबद्दल अजून लिहा की. आमच्याकडे बारीक मासा म्हटलं की मांदेली, मोतके, तळून नाहीतर तिखलं. व्हिनेगरमध्ये न शिजवता मुरवलेला मासा पोटाला चालतो का?

मेतकूट

मालवणी_मसाला, चालतो, कारण मासा आधी गोठवतात. स्पेनमध्ये न शिजवता वाढायच्या माशांना ते बंधनकारक आहे, अनिसाकिस नावाचा जंत मरावा म्हणून. व्हिनेगरने मांस पांढरं आणि घट्ट होतं, पण जंत मरत नाही, हे घरी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

अँचोव्हीचा दुसरा अवतार म्हणजे खारवलेली. महिनोन्‌महिने मिठात दाबून, मग हाताने सोलून तेलात. तीच ‘हिल्दा’त जाते. लांब काडीला ऑलिव्ह, अँचोव्ही आणि इबारा गावच्या पिवळसर हिरव्या, लोणच्यातल्या बारीक मिरच्या. हा पिंचो 1940च्या दशकात कासा वाल्येस या बारात जुळून आला. बार जुन्या गावाबाहेर, मधल्या शहरात आहे. 1946 च्या रीटा हेवर्थच्या गाजलेल्या सिनेमातल्या नायिकेचं नाव त्याला पडलं. एका घासात सगळी काडी रिकामी करायची. तुकड्या-तुकड्याने खाल्लं तर खारट, आंबट आणि तिखट एकत्र येत नाहीत आणि सगळी मजा जाते. तिखटाची सवय असलेल्या मालवणी जिभेला ती मिरची सौम्य लागेल, पण आवडेल नक्की.

गोंयकार

या धाग्यावर एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात ज्यांचं शरीर आहे ते संत फ्रान्सिस झेवियर याच भागातले. 1506 साली नवाराच्या राज्यात हाविएरच्या किल्ल्यात जन्मले, आणि घरची भाषा बास्क. आम्ही दोनोस्तियाहून गाडीने तिकडे गेलो होतो. किल्ला बघून माझ्या आईचे डोळे भरून आले. डिसेंबरच्या फेस्ताला आयुष्यभर गेलेल्या बाईला त्यांचं जन्मघर बघायला मिळालं. गोव्याची मंडळी जात असतील तर एक दिवस तिकडे नक्की काढा, आणि संध्याकाळी परत येऊन मेतकूटबाईंच्या रस्त्याने फिरा.

उरुमेआकाठ

मी दोनोस्तियात स्वयंपाकशास्त्र शिकते आहे, बास्क क्युलिनरी सेंटरमध्ये. धागा वाचून आनंद झाला, आणि एक विनंतीही करावीशी वाटली.

पार्ते व्हिएहात लोक राहतात. बारच्या वर त्यांची घरं आहेत, पोरं झोपलेली असतात. आमच्या ओळखीच्या एका आजींच्या जिन्यात पूर्वी सगळे शेजारी होते, आता निम्म्या दारांना प्रवाशांसाठी कुलूप-पेटी लावलेली आहे. पालिकेने जुन्या गावात नवीन पर्यटक-घरांना मज्जाव केला आहे, मार्गदर्शकाबरोबरच्या गटांना 25 माणसांची मर्यादा घातली आहे, पण बरंचसं आपल्या वागण्यावर आहे. चौघांपेक्षा जास्त असाल तर दोन गट करून वेगवेगळ्या बारात शिरा. खाऊन झालं की ग्लास-बशी काउंटरवर परत ठेवा. रात्री गल्लीत आवाज जपा.

भाषाही. ‘काय्शो’ म्हणून आत शिरा, ‘एस्केर्रिक आस्को’ म्हणून आभार माना, निघताना ‘आगुर’. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात ही बास्क भाषा शाळांतून, पाट्यांवरून हद्दपार केली होती. मराठी माणसाला भाषेचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. परदेशी माणसाच्या तोंडून तीन शब्द आले तरी म्हातारे बारवाले थबकून बघतात.

आणि कॉन्स्टिट्यूशन चौक चुकवू नका. चारी बाजूंच्या घरांच्या बाल्कन्यांवर आकडे रंगवलेले दिसतील. चौकात बैलांच्या झुंजी होत तेव्हा त्या बाल्कन्या बघ्यांना दिल्या जात, हे ते आकडे. 19 जानेवारीच्या रात्री बाराच्या ठोक्याला, 20 तारीख लागताना, याच चौकात झेंडा चढवून तांबोरादा सुरू होतो: स्वयंपाक्यांच्या पांढऱ्या टोप्या आणि सैनिकांचे जुने पोशाख घातलेली माणसं चोवीस तास ढोल आणि लाकडी पिंपं बडवतात. स्वयंपाक्याचा पोशाख गावाच्या सणाचा पोशाख आहे, ही गोष्ट मला इथे शिकताना रोज बळ देते.

मेतकूट

उरुमेआकाठ, तुमची विनंती मूळ लेखातच असायला हवी असं वाटतं. संपादन करता आलं की वर डकवते. गर्दी टाळायची तर दुपारची वेळ सुचवेन. साडेबारा ते दोन, तेव्हा ताटं ताजी असतात आणि गावातले निवृत्त लोक त्याच वेळी येतात.

साखरभात

चीजकेकचं प्रमाण कुणाकडे आहे का? नाशिकला इथल्या साध्या ओव्हनमध्ये जमेल?

उरुमेआकाठ

साखरभात, ला विन्याने कृती कधी लपवली नाही, त्यामुळे जगभर पसरली. मोठ्या केकला एक किलो क्रीम चीज, 400 ग्रॅम साखर, सात अंडी, अर्धा लिटर क्रीम आणि एक मोठा चमचा मैदा. खाली बिस्किटांचा थर नाही. चीज खोलीच्या तपमानावर आणायचं, साखर विरघळेपर्यंत फेटायचं, अंडी एकेक करून, मग क्रीम, शेवटी मैदा. साच्यात बेकिंगचा कागद चुरगळून, कडा वर येतील असा बसवायचा, कारण केक फुगतो आणि मग बसतो. 210 अंशांवर साधारण चाळीस मिनिटं. माथा चांगला काळपट तपकिरी व्हायला हवा आणि साचा हलवल्यावर मधला भाग थरथरायला हवा. तिथेच बाहेर काढायचं, गार होताना तो धरतो.

घरगुती ओव्हन छोटा असेल तर निम्मं प्रमाण घ्या आणि वेळ कमी करा. भट्टी जोरात तापलेली हवी. कमी आचेवर जास्त वेळ ठेवला तर माथा करपायच्या आधी आतला ओलावा जातो. भारतात मिळणारं क्रीम कमी स्निग्धांशाचं असतं, त्यामुळे निदान 35 टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम शोधा, आणि ते गोड न केलेलं, दुधाचं असल्याची पाकिटावर खात्री करा.

साखरभात

खूप आभार. रविवारी करते आणि इथे फोटो टाकते.

सांजवारा

मेतकूटताई, जूनमध्ये आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे. दोघंही सत्तरीपुढचे. आईचे गुडघे दुखतात, तीन तास उभं राहणं शक्य नाही. सगळीकडे उभ्यानेच असेल तर बेत बदलावा का?

मेतकूट

सांजवारा, बेत बदलू नका, फक्त रस्ता आखूड करा. दोनच बार, आणि दोन्हीच्या मधे बसायची जागा. कॉन्स्टिट्यूशन चौकात कमानींखाली टेबलं-खुर्च्या असतात. तिथे आई-बाबांना कॉफी किंवा मोस्तो घेऊन बसवा. जुन्या गावात प्रत्येक बार हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे गोइस आर्गी किंवा गांदारियास सहज गाठता येतं, त्यांना वेळ सांगून एकेकाला सोबत नेता येतं. एक लक्षात ठेवा, दुसऱ्या बारची बशी या टेबलांवर आणू नका, ते बारवाल्याला आवडत नाही.

गुडघ्यांसाठी आणखी चांगला पर्याय म्हणजे नदीपलीकडचा ग्रोस भाग. कुर्साल पूल ओलांडला की लगेच. रस्ते रुंद, बाहेर बसायची सोय जास्त, दर थोडे उतरते. गुरुवारी संध्याकाळी तिथे ‘पिंचो-पोते’ असतं: एक पेय आणि एक पिंचो मिळून ठरलेल्या कमी दरात. मात्र त्या दिवशी तरुणांची गर्दी असते, म्हणून तुम्ही बुधवार किंवा शुक्रवार दुपार धरा.

सांजवारा

हे फार उपयोगी झालं. आम्ही फ्रान्समधून येतोय, रेल्वेने सोपं पडेल ना? आणि कुठले वार टाळू?

मेतकूट

सोपं आहे. फ्रेंच रेल्वेने सीमेवरच्या एंडायापर्यंत या. स्टेशनाबाहेर पडलं की लगतच ‘तोपो’चं स्टेशन, ही बास्क सरकारची छोटी गाडी. साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने सुटते आणि चाळीसेक मिनिटांत दोनोस्तियाच्या आमाराला पोचवते. बोगदे फार, त्यामुळे खिडकीतून दिसायचं थोडंच. आमाराहून जुनं गाव पायी वीसेक मिनिटं. आईंसाठी टॅक्सी करा, भाडं फार होत नाही. परतीची शेवटची गाडी स्टेशनावर उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

वारांचं म्हणाल तर रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात, काही मंगळवारीही. बुधवार ते शनिवार यांतला दिवस घ्या. जूनमध्ये अळंबी फारशी नसेल, पण अँचोव्हीचा हंगाम नुकताच होऊन गेलेला असतो आणि टोमॅटो यायला लागतात. चेपेचा आधी करा, तिथे सातच्या ठोक्याला जा.